गाडीचे गुडघे

"मिस्त्री, ही शेवटची खेप," बाबूशेठ म्हणाले.

मी तेव्हा त्यांच्या पिकअपखाली उताणा पडलेलो होतो. मला शेठ दिसत नव्हते, त्यांच्या चपला दिसत होत्या. त्यातली एक जमिनीवर थापा मारत होती. गिऱ्हाइकाचा मूड चेहऱ्यापेक्षा चपलेवरून लवकर कळतो. गाडीखाली आयुष्य काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

"शेठ, या वेळेस पक्कं करतो," मी खालूनच म्हणालो.

"मागच्या वेळेसबी पक्कंच केलं होतं. त्याच्या आधीबी. तुमचं पक्कं म्हंजे आमच्या सूनबाईची पुरणपोळी. तव्यावर अख्खी, उचलली की तुटली."

मी सरपटत बाहेर आलो. बाबूशेठ म्हणजे मानवतचे बांगड्यांचे व्यापारी. जातीनं आणि धंद्यानं कासार. मानवत, सोनपेठ, ताडकळस अशा बाजारांना त्यांचा माल जायचा आणि तो याच पिकअपमधून जायचा. पिकअपशेजारी तिचा ड्रायव्हर ज्ञानबामामा बॉनेटवर हात ठेवून उभा होता. आजारी म्हशीच्या कपाळावर हात ठेवावा तसा.

"वैशाखात पाटलांच्या घरचं लगीन हाय," शेठ म्हणाले. "सोनपेठच्या अलीकडं, नदीकाठाला. आदल्या दिवशी आख्ख्या भावकीला चुडा भरायचाय. माल याच गाडीतून जाईल. आन् त्यात जर माल वाढला, तर ही गाडी भंगारात. मग मी भाड्यानं टेम्पो लावीन. टेम्पोसंग त्याचा डायवर येतो."

शेवटचं वाक्य ते माझ्याकडं बघून बोलले, पण ते ज्ञानबामामासाठी होतं.  मामानं बॉनेटवरचा हात थोडा पुढं सरकवला.

'माल वाढला' म्हणजे काय ते सांगतो. बांगडी फुटली असं कासार कधी म्हणत नाही. तसं म्हणणं अशुभ. बांगडी 'वाढली' म्हणायचं. आणि गेल्या काही महिन्यांत बाबूशेठांच्या बांगड्या या पिकअपमध्ये एवढ्या वाढल्या होत्या, की धंदा तेवढा वाढता तर त्यांनी माडी बांधली असती.

दोष गाडीचा होता, म्हणजे पर्यायानं माझा.

ही पिकअप मूळची पेट्रोलवरची. पेट्रोल परवडेना म्हणून शेठांनी कुठून तरी जुनं डिझेल इंजिन आणून तिच्यात बसवून घेतलं होतं. त्या काळात आमच्याकडं हे सर्रास चालायचं. डिझेल इंजिन ताकदीचं, पण स्वभावानं दणके देणारं. उभ्या जागी चालू केलं तरी आख्खी गाडी हिवताप आल्यासारखी हलायची. अशा गाडीत सगळा भरवसा एका गोष्टीवर असतो. तिला पुस्तकात माउंटिंग म्हणतात, आम्ही गॅरेजवाले फौंडेशन म्हणतो.

इंजिन चेसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, थेट बसवत नाहीत. मध्ये जाड रबराचा ठोकळा असतो, वरखाली लोखंडी पत्रा चिकटवलेला. असे दोन पुढं इंजिनला आणि एक मागं गिअरबॉक्सला. इंजिन हे घोरणाऱ्या माणसासारखं आहे. त्याला घोरू नको म्हणून उपयोग नसतो. पण त्याच्याखाली गादी घातली तर निदान खाट वाजत नाही. फौंडेशन म्हणजे ती गादी. ती फाटली की इंजिनचा प्रत्येक दणका चेसीला, चेसीचा मागच्या हौद्याला आणि हौद्याचा बांगड्यांना.

पहिल्यांदा ही गाडी माझ्याकडं आली तेव्हा तिची तिन्ही रबरं म्हातारी होऊन चिरली होती. त्यात नवल काही नव्हतं. मी परभणीहून नवीन संच आणला, बसवला, गाडी शांत झाली. शेठ खूश. ज्ञानबामामा तर एवढा खूश, की मला विचारत बसला, "मिस्त्री, ह्ये नेमकं काय असतंय?" मामाचं मन राखावं म्हणून मी त्याला समजावून सांगितलं. मोठ्या उत्साहात सांगितलं. ते कसं सांगितलं, ते पुढं येईलच.

दोन महिन्यांत पुढची दोन्ही रबरं गेली. मला वाटलं, माल डुप्लिकेट. परभणीच्या दुकानदाराशी जाऊन भांडलो. तो म्हणाला, "मिस्त्री, याच लॉटचा माल सगळ्या जिल्ह्यात गेलाय. तुमच्याच गाडीत काय दुखणं हाय?" मी नांदेडहून दुसरा, महागाचा संच आणला.  तो बसवताना जुनं काढून बघितलं, तर रबर फुगलेलं, मऊ पडलेलं आणि तेलकट.

तेलकट म्हटल्यावर मला आनंद झाला. कारण सापडलं असं वाटलं. रबराला तेलाचं वावडं असतं, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तेल लागलं की रबर ते पितं, फुगतं आणि शेवटी कुजल्यासारखं होतं. म्हणजे इंजिनमधून ऑइल गळत असणार. मी वरच्या कव्हरचं पॅकिंग बदललं, सील बदललं, जिथून जिथून गळू शकतं ते सगळं बंद केलं. एवढं करून या तिसऱ्या खेपेला बघतो, तर नांदेडचा संचही गेलेला, पुन्हा तसाच तेलकट. वर शेठांची चप्पल.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. मागचं, गिअरबॉक्सचं रबर दर वेळी कोरं करकरीत. पहिल्या दिवशी बसवलं तसं. मी स्वतःची समजूत घातली की मागं भार कमी असतो. माणसाला उत्तर सापडत नसलं की तो प्रश्नाचीच समजूत घालतो.

माझं गॅरेज मानवतला, पाथरी रोडला. एक लिंब, दोन बाजूंना पत्रा. त्यातल्या एका पत्र्यापलीकडं गफूरभाईचं भज्यांचं हॉटेल. सकाळपासून त्याची कढई करडईच्या तेलात चालू. आमची ही म्हणायची, "तुमच्या कपड्यांना ग्रीसचा वास येतो ते समजू शकते. पण मिरची भज्यांचा वास येतो, तो कसा घालवू ते सांगा." बारा महिने त्या वासात राहून माझं नाक त्या बाबतीत मेलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळं प्रकरण तिथंच अडलं होतं.

शेठ गेले. पत्र्यापलीकडून गफूरभाईची मान वर आली.

"क्या मिस्तरी, फिर वईच गाडी?"

"हो, तीच."

"इसका नाम अपने राशन कार्ड में डाल लो."

मी ठरवलं, आता माघार नाही. त्या गाडीत एक माणूस बसलेला होता. ज्ञानबामामाचं वय उताराला लागलं होतं. गुडघे गेले होते, खाली बसला की उठताना स्टिअरिंगला धरून उठायचा. दुसरी गाडी त्याच्या हातात कुणीही देणार नव्हतं. पिकअप भंगारात गेली असती, तर तिच्या मागोमाग मामाही घरी बसला असता.

तिसरा संच मी स्वतः औरंगाबादला जाऊन आणला आणि अगदी पुस्तकाप्रमाणं बसवला. इंजिनखालच्या ऑइल चेंबरला थेट जॅक लावायचा नसतो, तो पातळ पत्रा असतो, दबतो. मध्ये लाकडी फळी घातली. इंजिन हळूच उचललं, जुनं रबर सुटून येईल एवढंच. नवीन आत सरकवलं. नट हातानंच लावले, पान्ह्यानं आवळले नाहीत. आधी इंजिन चालू करून त्याला त्याच्या जागी बसू दिलं. नव्या सुनेला घरात थोडे दिवस मोकळं सोडावं तसं. मग आवळलं. शेवटी हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, क्लच थोडा सोडून बघितला. फौंडेशन खराब असेल तर या वेळी इंजिन एका बाजूनं उडी मारतं. हे जागचं हललं नाही.

"बसली बगा म्हातारी," ज्ञानबामामा म्हणाला. गाडीला तो म्हातारी म्हणायचा. "आता मी हिची काळजी घेतो. तुमी निवांत ऱ्हावा."

मी निवांत राहिलो. मोठी चूक.

वैशाखातला तो शनिवार उजाडला. शेठ आणि शेठाणी सकाळच्या एसटीनं पुढं गेले. जाताना शेठ गॅरेजवर थांबून म्हणाले, "मिस्त्री, आज गाडीत तुमी बसायचं. तुमचं काम, तुमीच सोसा."

हौद्यात पेंढा घालून खोकी रचली. नवरीच्या खास चुड्याचं खोकं शेठांनी माझ्या मांडीवर द्यायला सांगितलं होतं. ते घेऊन मी केबिनमध्ये बसलो, बाळंतिणीनं बाळ घेऊन बसावं तसा. गफूरभाई हसला, काही बोलला नाही. त्याला तेवढी दया होती.

गावाबाहेर मारुतीच्या देवळापाशी मामानं गाडी थांबवली. "शनिवार हाय. दर्शन घेऊन येतो." पितळेची वाटी घेऊन तो आत गेला. आला तो थेट बॉनेट उघडून वाकला.

"काय बघताय मामा?"

"पाणी बगतो."

ड्रायव्हरनं निघताना रेडिएटरचं पाणी बघावं, याहून चांगली सवय नाही. मी मनातल्या मनात मामाला शाबासकी दिली. उघडलेल्या बॉनेटमुळं मला पुढचं काही दिसत नव्हतं. आणि मांडीवर नवरीचा चुडा असल्यावर उतरून बघणार कोण?

पाथरी सोडलं. दोन्ही बाजूंना ज्वारीची धसकटं उभी असलेली काळी रानं, मध्ये तापलेला रस्ता. ना घर, ना हॉटेल. आणि अशा जागी मला भज्यांचा वास आला.

मी डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. एक टिटवी सोडली तर कुणी नव्हतं.

"मामा, भज्यांचा वास येतोय."

"हां, लय भारी येतो. रोज येतो."

"रोज? कुठून?"

"म्हातारीतून."

"कधीपासून?"

"तुमी गुडघे बदलल्यापास्नं."

मी 'गुडघे' म्हणजे काय असं विचारणार, तेवढ्यात गिअरचा दांडा थरथरायला लागला. आधी हळूहळू, मग वाऱ्यावरच्या ज्वारीच्या ताटासारखा. पाठोपाठ पुढून खर्रर्र आवाज. तो आवाज मी ओळखतो. इंजिन खाली बसलं की त्याच्या तोंडाशी असलेला पंखा रेडिएटरला घासतो. अजून थोडं गेलो असतो तर पंख्यानं रेडिएटर फाडलं असतं आणि मग जागीच मुक्काम.

"थांबवा! मामा, बंद करा!"

चुड्याचं खोकं सीटवर ठेवून मी उतरलो. बॉनेट उघडलं. पुढची दोन्ही फौंडेशनं तेलानं न्हाली होती. नुकतीच, ताजी. पिवळसर तेल रबरावरून खाली चेसीवर ओघळत होतं. इंजिनचं ऑइल एवढं स्वच्छ कधीच नसतं. मी बोट लावलं. वास घेतला. मग तोंडात घातलं. करडई.

रबर बोटानं दाबलं, तर पिकलेल्या सीताफळासारखं दबलं. पत्रा एकीकडं, गर एकीकडं.

"मामा, हे काय आहे?"

"तेल."

"कुठलं?"

"मारुतीचं. देवाच्या अंगावरून आलेलं. साधं न्हाई."

"ते इथं कोणी घातलं?"

"म्याच. दर शनवारी घालतो की." मामाच्या आवाजात अभिमान होता. "तुमीच म्हणला न्हवता का? मामा, ह्ये गाडीचे गुडघे समजा. माणसाचे गुडघे गेले की चालणं गेलं, तसं हिचं. म्हणला होता का न्हाई?"

म्हणालो होतो. पहिल्या खेपेला, मोठ्या उत्साहात, हेच म्हणालो होतो.

"माझे गुडघे किती दुखायचे तुमाला ठाव हाय. मारुतीचं तेल लावायला लागल्यापास्नं उतार पडला. मग म्हणलं, म्हातारीनं काय पाप केलंय? आदी देवाला, मग मला, मग हिला."

"आणि मागचं? गिअरबॉक्सचं?"

मामाचा चेहरा पडला. "तिथं न्हाई पोचत म्या. खाली निजावं लागतं. माझेच गुडघे वाकंनात. तेवढी सेवा ऱ्हायलीच बगा."

म्हणून मागचं रबर ठणठणीत होतं. त्याची सेवाच राहिली होती.

मी रस्त्याच्या कडेला बसलो.  परभणीच्या दुकानदाराला मी काय काय बोललो होतो ते आठवलं. गॅरेजमध्ये हा वास मला आला नाही, कारण तिथं गफूरभाईच्या कढईत हा हरवून जायचा.

"मामा, माणसाच्या गुडघ्यात हाड असतं. हिच्या गुडघ्यात रबर आहे. रबराला तेल म्हणजे विष."

 मामा गाडीकडं बघत राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "म्हंजे म्याच मारली व्हय हिला?"

 ऊन चढत होतं. तिकडं भावकीच्या बाया चुडा भरायला बसलेल्या असणार.

"स्टेपनीपाशी काय काय आहे ते काढा."

सीटमागून जॅक निघाला, फळीचा तुकडा निघाला आणि एक जुना गेटर निघाला. गेटर म्हणजे टायर फाटलं की आतून लावायचं जाड ठिगळ, जुन्या टायरमधूनच कापलेलं. आत दोऱ्याचे थर असतात, त्यामुळं सहजी फाटत नाही. मला तो सोन्याच्या पाटलीसारखा दिसला.

आधी तेल काढायचं होतं. मामानं खांद्यावरचा पंचा दिला. नुसतं पुसून चिकटपणा जाईना. मग शेतातली कोरडी, भुसभुशीत माती आणून चोळली. माती तेल पिते. दोन-तीनदा चोळून, झटकून जागा कोरडी केली.

गेटरचे चौकोनी तुकडे हॅक्सॉच्या पात्यानं कापले. भोक पाडायला तिथं काही नव्हतं. म्हणून प्रत्येक तुकड्याला एका बाजूनं बैलाच्या नालासारखी खाच पाडली, म्हणजे बोल्टच्या कडेनं आत सरकेल. पातं हाताला कापत होतं. हातरुमाल गुंडाळला, पुन्हा सुरू केलं.

"मामा, जॅक चढवा. थोडाच."

"आसं?"

"अजून थोडा. थोडा म्हटलं ना! लग्नाची वरात काढायची नाही त्याची!"

इंजिन बोटभर वर आलं. पिकलेली सीताफळं काढली. गेटरचे तुकडे एकावर एक ठेवून आत सरकवले, बोल्ट आवळला. दुसऱ्या बाजूला तेच. जॅक खाली घेतला. पंखा हातानं फिरवून बघितला. रेडिएटरला घासत नव्हता, मध्ये करंगळी जाईल एवढी जागा होती. पुरे. हा इलाज कायमचा नाही. टायरचं रबर कडक, दणका पूर्ण पीत नाही. पण लग्नघर गाठून देईल एवढा होता.

गाडीत बसण्याआधी मी म्हणालो, "मामा, शेठांना तेलाचं काही बोलू नका. मी सांगतो, सील लीक होतं म्हणून."

"खोटं बोलायचं?"

"अर्धं खोटं."

"आज शनवार हाय मिस्त्री," मामा म्हणाला आणि गाडी चालू केली.

पुढचा रस्ता मामानं ज्या प्रकारे कापला, तशी गाडी चालवताना मी पुन्हा कुणाला बघितलं नाही. कुठल्या गिअरला, किती रेसला इंजिन कमी थरथरतं, ते त्याला तळपायाला कळत होतं. खड्डा दिसायच्या आधी गाडी हळू व्हायची. वाटेत एक बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली. गाडीवान वळून वळून बघत होता. मामाला त्याची लाज नव्हती. त्याचे डोळे रस्त्यावर आणि ओठ हलत होते. मारुतीशी काय बोलणं चाललं होतं ते मी विचारलं नाही.

पाटलांच्या दारात मांडवाखाली बाया बसल्या होत्या. नवरी मध्ये. शेठ सगळ्यांचे रिकामे हात बघत ताटकळलेले. आम्हाला बघून उठले, पण गाडीकडं आले नाहीत. थेट खोक्याला हात घातला.

पहिलं खोकं उघडलं. हिरव्या बांगड्या, अख्ख्या. दुसरं, तसंच. अगदी खालच्या खोक्यात मूठभर माल वाढलेला निघाला. माझ्या मांडीवरचा नवरीचा चुडा एक ओरखडाही न येता शेठाणीच्या हातात गेला. शेठाणींनी तो कपाळाला लावला आणि नवरीचा हात हातात घेतला.

शेठ माझ्याजवळ आले. "येवढं तर डोक्यावरून नेतानाबी वाढतंय. पण उशीर का झाला? आन् मामाचा पंचा आसा काळा कामून?"

मी तोंड उघडलं. "शेठ, ते सील..."

"शेट, तेल म्या घालायचो," ज्ञानबामामा म्हणाला.



"कशाला?"

"गुडघ्याला."

"कुणाच्या?"

"गाडीच्या."

"गाडीला गुडघे आसतेत, हे कुणी सांगितलं तुला?"

 मामानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या पाठोपाठ शेठांनी बघितलं. मग नवरीसकट सगळ्या मांडवानं बघितलं. आयटीआय पास झालो त्या दिवशीसुद्धा एवढ्या लोकांनी माझ्याकडं एकदम बघितलं नव्हतं.

सगळं सांगावं लागलं. गुडघे, मारुती, शनिवार, सीताफळ, भज्यांचा वास. वासापर्यंत आलो तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. नवरीच्या म्हाताऱ्या आत्यानं निवाडा दिला, "मंग त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? गुडघ्याला तेलच लावतेत."

शेठ हसले नाहीत. ते विचार करत होते. मग हळूच म्हणाले, "आन् ते तेल कुठून येतं?"

शेठाणी बांगडी भरता भरता मान वर न करता म्हणाल्या, "आपल्याच घरातनं. तुमीच नवस बोललाय. गाडी नाल्यात गेली होती, एक बांगडी वाढली न्हवती, तवापास्नं. दर शनवारी गाडीच्या नावानं वाटीभर तेल. म्याच काढून देते की."

आता शेठांनी कुणाला बोलावं? नवस त्यांचा, तेल शेठाणीचं, सेवा मामाची आणि शिकवण माझी. सगळ्यांनी मिळून, अत्यंत श्रद्धेनं, एका रबराचा जीव घेतला होता.

"मामा," शेठ म्हणाले, "गाडी ऱ्हाईल. तुमीबी ऱ्हावा. पण तेल बंद."

"मारुतीचं?"

"मारुतीचं न्हाई! नवस कसा मोडंल? मारुतीला सगळी वाटी घाला. गाडीला न्हाई."

मामाचे डोळे भरले होते, पण तो अडून बसला. "गाडीला कायीच न्हाई? आख्खा माल वढती ती. तिला कोरडंच ठिवायचं?"

"कोरडंच ठेवायचं मामा," मी म्हणालो. "कोरडं राहणं हेच तिचं औषध."

 मग मामानं विचारलं, "अंगारा कोरडा आसतो. अंगारा चालंल?"

मी सकाळी चोळलेली माती आठवली. राख. कोरडी, हलकी, वर तेलाचा थेंब असेल तर तोही पिणारी. आयटीआयच्या कुठल्याही पुस्तकात तिला मनाई नव्हती.

"चालेल," मी डॉक्टरच्या आवाजात म्हणालो. "चिमूटभर. आठवड्यातून एकदा."

सोमवारी चौथा संच बसला. शनिवारी मामा देवळातून कागदाच्या पुडीत अंगारा घेऊन गॅरेजवर आला. पुढच्या दोन्हींना स्वतः लावला. मग पुडी माझ्यापुढं धरली.

"मागच्याला तुमी लावा. मला पुरत न्हाई. आता तरी त्येची सेवा ऱ्हायला नको."

नाही म्हणण्याएवढं तोंड मला उरलं नव्हतं. मी गाडीखाली उताणा झालो आणि गिअरबॉक्सच्या फौंडेशनला अंगारा लावला. पत्र्यावरून गफूरभाई बघत होता.

"मिस्तरी, सर्टिफिकेट में ये बी लिखेला है क्या?"

ते फौंडेशन त्यानंतर वर्षानुवर्षं टिकलं. शेठांनी ती पिकअप विकली तेव्हाही तीच रबरं होती. ज्ञानबामामा त्याच्या आधीच घरी बसला, पण स्वतःच्या गुडघ्यांमुळं, गाडीच्या नाही. श्रेय कुणाला गेलं ते सांगायला नकोच. बाजारात बाबूशेठ सगळ्यांना सांगायचे की मिस्त्रीनं तीन खेपा केल्या, काही जमलं नाही, शेवटी अंगाऱ्यानं काम केलं. पुढं पुढं इतर गाड्यांचे ड्रायव्हरही माझ्याकडं यायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, कोणत्या देवळातला? मी सांगायचो, कोणताही चालतो, फक्त तेल लावू नका. त्यातल्या कुणाचंही फौंडेशन लवकर गेलं नाही. म्हणजे अंगाऱ्यात गुण आहे, हे आता मलाही नाकारता येत नाही.

माझ्यापुरता धडा एवढाच, की गिऱ्हाइकाला पार्ट समजावताना उपमा देऊ नये. रेडिएटरला रेडिएटर म्हणावं, पंपाला पंप. एकदा एका शेतकऱ्याला डिझेल फिल्टर दाखवून 'हे गाडीचं मूत्रपिंड समजा' असं म्हणणार होतो, जीभ आवरली. आमची ही म्हणते, ते बरं झालं, नाहीतर तो त्याला शहाळ्याचं पाणी पाजत बसला असता.

तरीही वर लिहिता लिहिता मी फौंडेशनला गादी म्हणून बसलो आहे. सवय जात नाही. तेव्हा वाचकांना हात जोडून विनंती: कुणी इंजिनखाली कापूस भरू नये. हे मानवत आहे. कापूस इथं कुठंही मिळतो.